बॉरोसरांचं पुरणयंत्र

बॉरोसरांच्या घरात सगळं असूनही काहीतरी कायम शेजाऱ्यांचं असायचं. पक्कड रशीदचाचांची, खल लक्ष्मीअम्मांचा, शिडी तिसऱ्याच कुणाची. आणि सरांचं स्वतःचं पितळी पुरणयंत्र गल्लीत कुठेतरी फिरत असायचं.

शाळेतून निवृत्त झाल्यावर सरांनी चिक्कडपल्लीच्या भाजीबाजारामागे, घरातच, इंग्रजी बोलण्याचा क्लास सुरू केला. तेव्हा हैदराबादेत जिकडे तिकडे कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागत होत्या. वडिलांनी एकाच सरकारी कचेरीत जन्म काढलेला आणि पोरांना अमेरिकेचे वेध, अशी आमची मराठी घरं. इंग्रजी वाचता यायचं, बोलायची वेळ आली की दातखीळ. माझी तर हमखास.

‘बॉरो’ आणि ‘लेंड’ यांतला फरक सरांनी कधी फळ्यावर शिकवला नाही. ‘लेंड’ म्हटलं की आम्ही फिदीफिदी हसायचो. सर हसू द्यायचे आणि म्हणायचे, “झालं? आता जा, रशीदचाचांची पक्कड आणा. मागणारा बॉरो करतो, देणारा लेंड करतो. वस्तू एकच, तुम्ही दाराच्या कुठल्या बाजूला उभे आहात ते बघा. हौ?”

मी चाचांच्या दारात गेले आणि पाठ केलेलं वाक्य साफ विसरले. चाचाच आतून म्हणाले, “यस, आय लेंड. पन सर कू बोलो, मेरा पाना अबी तक वापस आया नै.” सगळ्या गल्लीला हे दोन शब्द आले होते. लक्ष्मीअम्मा तर खल हातात घेऊन उभ्या राहायच्या, पण पूर्ण वाक्य ऐकल्याशिवाय “तीसुको अम्मा”, घे बाई, असं म्हणायच्या नाहीत. अशी दारोदार हिंडून माझी जीभ सुटली.

सरांच्या पत्नी, आमच्या काकू, वैतागायच्या. “घरात खल असताना दुसऱ्याचा कायकू आणता?”

“अगं, परत करायला माणूस पुन्हा येतो,” सर म्हणायचे. “वस्तू भेट म्हणून दिली की काम संपलं.”

त्यांचा मुलगा ऑस्ट्रेलियात स्थायिक झाला होता, आणि ज्यांना त्यांनी बोलायला शिकवलं ती पोरंही एकेक करून उडत होती. गेलेली परत फिरकणार नाहीत, ही एकच भीती सरांना होती आणि ती ते लपवत नसत.

माझा व्हिसा आला. मुंबईहून विमान होतं, म्हणून सगळे नामपल्ली स्टेशनवर पोचवायला आले. कुणी साडी दिली, कुणी पेन. सरांनी जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं पुरणयंत्र माझ्या हातात ठेवलं. काकू दचकल्या. “अहो, होळीला मी काय करू?”

“पाट्यावर वाट. तिला दिलं नाही, लेंड केलंय.”

त्या वजनापायी आईला फलाटावरच लोणच्याची बरणी बॅगेतून काढावी लागली. आई ते अजून विसरलेली नाही.

पुढच्याच्या पुढच्या होळीला मी आले. सरांनी दार उघडलं आणि माझ्या तोंडाकडे न बघता बॅगेकडे बघितलं. “आणलंस?” त्या दिवशी सरांनी पुरणपोळ्या अशा हाणल्या की काकूंनी डबा उचलून आत नेला. निघताना टॉवेल पुन्हा माझ्या बॅगेत. पुढे ते यंत्र माझ्याबरोबर येतच राहिलं, जातच राहिलं. नुसत्या भेटीसाठी मी रजा टाकली असती की नाही, कुणास ठाऊक. यंत्र पोचवायचंय म्हणून मात्र टाकत गेले.

मागच्या वर्षी सर गेले. मी पोचले तेव्हा होळी होऊन गेली होती. यंत्र काकूंसमोर ठेवलं आणि म्हटलं, “आता हे ठेवून घ्या. सरांचं आहे.” काकूंनी डाळ शिजत घातली. आम्ही दोघींनी पुरण केलं, जेवलो, आणि सरांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून मला फार रडू आलं.

सकाळी बॅग उचलली तर जड लागली. वर तोच टॉवेल.

“काकू, हे काय?”

“ते लेंड करायचे, आता मी केलंय,” काकू म्हणाल्या. “पण पुढच्या वेळी होळीच्या आधी आण. पाट्यावर वाटून हात दुखतात माझे.”