शेतीचं महत्त्व आणि बाबांचं कार्ड

काय सांगू यार, भाषण करायची खाज माणसाला कुठे नेऊन बसवेल! मला तिने थेट ह्यूस्टनच्या विमानतळावर बसवलं, कस्टमच्या आतल्या खोलीत. तेही आई-बाबांसकट!

आई-बाबा दोघं डॉक्टर, ह्यूस्टनजवळच शुगर लँडला राहतात. मी शाळा-कॉलेज आजोळी, कोल्हापूरला करून नुकतीच त्यांच्याकडे परत आलेय. डोक्यात एकच, जग सुधारायचं! म्हणून सुट्टीत आम्ही तिघं मलावीतल्या एका खेड्यात आरोग्य शिबिराला गेलो. सकाळी पेशंट, दुपारनंतर आमच्या यजमानीण ग्रेसमावशींच्या मक्यात खुरपणी. परत येताना मी नुसती पेटले होते.

कस्टमच्या ऑफिसरबाईंनी बाबांना सहज विचारलं, "शेतात वगैरे गेला होतात का?"

"नो."

अहो, खोटं बोलायचं म्हणून नाही! इतकी वर्षं लोणची, मसाले, मेतकूट आणून आणून त्यांचा 'नो' आता प्रश्न संपायच्या आतच बाहेर पडतो.

पण मला राहवेल?

"बाबा! नो काय? मॅडम, आम्ही रोज शेतातच होतो!"

"मने, गप," आई दात आवळून पुटपुटली.

मी कसली गप बसतेय! "खेड्यात शेत म्हणजे सगळं काही, मॅडम. मका पिकला नाही तर औषधं काय उपाशी पोटी द्यायची? मुलींच्या शाळासुद्धा त्या पिकावर चालतात!"

"जनावरं होती?"

"भरपूर! शेळ्या, कोंबड्या. शेणखताशिवाय शेती होते का?"

बाईंनी शांतपणे तिघांचे पासपोर्ट उचलले. "इकडे या."

"गेलं माझं ग्लोबल एन्ट्री कार्ड!" बाबा पांढरेफटक पडले. हे कार्ड असलं की विमानतळावर लांब रांगेत उभं राहावं लागत नाही, पण कस्टमला खोटं सांगितलं की ते काढून घेतात. इथल्या महाराष्ट्र मंडळात बाकीचे काका नातवंडांचे फोटो दाखवतात, आमचे बाबा ते कार्ड दाखवतात! आता ते गेलं तर मला घरात कोण घेणार?

आत बॅगा उघडल्या, चाचपल्या. मी मनातल्या मनात सगळे देव आठवले.

शेवटी बाई म्हणाल्या, "मुलीने आधीच सांगितलं म्हणून वाचलात. दंड नाही, कार्डही राहील. शेतातले बूट तेवढे काढा, माती-शेणातून रोग येतात देशात. धुऊन देतो."

"हुश्श!" बाबा खुर्चीत कोसळले. "शाब्बास मने! तुझं भाषण जन्मात पहिल्यांदा कामाला आलं!"

मी अशी फुगले म्हणता!

बूट टेबलावर आले. आईच्या बुटांवर घोट्यापर्यंत लाल माती. बाबांच्या बुटांच्या तळांना माती, वर शेणही. आणि माझे? पांढरेशुभ्र! दुकानातून आत्ताच आणल्यासारखे.

बाईंनी ते उलटेपालटे करून पाहिले. "तू नव्हतीस शेतात?"

"होती ना!" माझ्याआधी आईच बोलली. "झाडाखाली उभी राहून आम्हाला खुरपणीचं महत्त्व समजावून सांगत होती."

बाईंनी बूट माझ्या हातात ठेवले.

"मग तुझ्यापासून देशाला काही धोका नाही. तू जा!"