थंडीच्या लग्नासाठी अत्तर

बाळापूरच्या अलीकडे, मन नदीच्या काठाने शकुन आणि तिचा नवरा सहदेव यांचा फुलांचा मळा आहे. शेवंती, निशिगंध, गुलाब. माल पहाटे अकोल्याला जातो, आणि बाजारात ओट्यावर बसून गजरे-हार करायचं काम शकुनचं. मुलीचं लग्न ठरलं की गावातल्या बाया आधी तिच्याकडे येत. कोणत्या दिवसांत कोणतं फूल वेणीत टिकेल, कशाचा घमघमाट मांडवात डोकं उठवेल, हे तिला विचारावं असा रिवाजच पडून गेला होता.

त्याच शकुनला साथीच्या वर्षी ताप आला. ताप उतरला, पण वास गेला. काही महिने कशाचाच पत्ता लागेना. मग वास परत आले ते भलतेच. गुलाब नाकाशी नेला की रबर जळाल्यासारखं वाटे. निशिगंधाला गटाराचा भपकारा. फोडणी टाकली की मळमळायचं. डॉक्टर म्हणाले, हळूहळू येईल. सहदेवही तेच म्हणाला आणि विसरून गेला. शकुन मग कोणालाच बोलली नाही. सर्दीचं निमित्त करून तोंडाला पदर गुंडाळायची, फुलं हाताने दाबून आणि डोळ्यांनी पारखून घ्यायची. एकदा सडू लागलेला निशिगंध तिने देवळात पाठवला, तेव्हा पुजाऱ्याने टोपलीच परत धाडली. त्या दिवसापासून ती प्रत्येक जुडी दोनदा चाचपू लागली.

वर्षाली तिची थोरली लेक. अमरावतीला औषधांच्या दुकानात नोकरी. तिचं लग्न जानेवारीत ठरलं, सकाळचा मुहूर्त. हवा अशी की तोंडातून वाफ निघावी. सुट्टीला आली तशी ती आईला म्हणाली, "चाल, अत्तर घेऊन येऊ. पाहुण्यांच्या हाताले लावाले अन् माया अंगाले. थंडीत टिकणारं पाह्यजे. तूच निवड."

"मले काय समजते अत्तरातलं?"

"तुले नाई तं कोणाले समजते मंग?"

नाही म्हणायला कारण सुचेना. दोघी अकोल्याला जुन्या शहरात गेल्या. अकीलभाईंचं दुकान म्हणजे एक काचेचं कपाट, समोर एक बाक आणि बाटल्याच बाटल्या. लग्न थंडीतलं म्हटल्यावर अकीलभाईंनी मोगरा आणि खस मागे सारले. "ये गरमी के दोस्त हैं, ताई. थंडीत हे अंगावर बसून राहतात, उठतच नाहीत. थंडीले जड अत्तर लागते. हिना, अंबर, ऊद. अंगाच्या उबेनं हळूहळू खुलते, शालीतून दिवसभर येत राहते."

तरी पाहुण्यांसाठी म्हणून त्यांनी आधी गुलाब दाखवला. मनगटाला काडी लागली आणि शकुनच्या नाकात जळकं रबर शिरलं. "छान हाये," ती म्हणाली. वर्षालीने मागून घेतलेल्या मोगऱ्यालाही छान. वर्षालीने हौसेने एक परदेशी स्प्रे हुंगवला, गोड, बिस्किटासारखा. त्यालाही छान. वर्षाली आईकडे बघत राहिली. फुलाची एक पाकळी मलूल दिसली तरी भांडणारी ही बाई आज सगळ्यालाच मान डोलावत होती.

अकीलभाईंनी कापसाचा नवा बोळा काडीला गुंडाळला आणि बाटली शोधायला वळले. काडी कपाटावर ठेवलेली. आता ही हुंगायची, असं समजून शकुनने ती उचलली, नाकाशी नेली आणि म्हणाली, "हे बी छान हाये."

अकीलभाई वळले. "ताई, इसको तो अभी कुछ लगाया नहीं."

शकुनने काडी खाली ठेवली. कान तापले होते.

"कवापासून?" वर्षालीने विचारलं.

"त्या तापापासून."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"काय सांगू? फुलवालीले फुलाचा वास येत नाई, हे सांगू? कोण घेईन मंग मायापासून?"

वर्षालीला रडू आलं, पण त्याहून राग जास्त आला. औषधांच्या दुकानात अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना ती रोज पाहत होती, आणि घरातलं तिला कळलं नव्हतं. अकीलभाई मात्र कोरड्या आवाजात म्हणाले, "माया भावाचं बी असंच झालं. छान कोणतं ते सोडा. घाण कोणतं नाई येत, तेवढं सांगा."

मग काम सोपं झालं. केवडा, घाण. चंदन, काहीच नाही. ऊद, काहीच नाही. अंबरला तिने तोंड वाकडं केलं. हिना लावल्यावर ती थांबली. मनगट पुन्हा नाकाशी नेलं.

"कोठीत गव्हामधी कडुलिंबाचा वाळला पाला ठेवतो ना," ती सावकाश म्हणाली, "तसं काई येऊन राह्यलं."

"हेच द्या," वर्षाली म्हणाली.

"अवं, हे म्हाताऱ्या माणसाचं अत्तर! तुले तं गोड पाह्यजे होतं."

"गोड मी अमरावतीत रोज लावतो. त्या दिवशी तू मायाजवळ बसशीन, अन् तुले मळमळलं तं?"

पाहुण्यांसाठी गुलाबच घेतला, कारण पाहुण्यांना तोच आवडतो. लग्नात वर्षालीच्या शालीला हिना होता. नवरदेव शिवमला अंतरपाट सरकताच दोन शिंका आल्या आणि मांडव हसला. निरोपाच्या वेळी शकुनने लेकीला घट्ट धरलं. सकाळपासून अंगाच्या उबेने अत्तर खुललं होतं. ती तशीच उभी राहिली, तिच्या मानेपाशी नाक ठेवून, सहदेवने हाक मारीपर्यंत.

वास अजून पुरता आलेला नाही. कांदा कळतो, लिंबू कळतं, गुलाब अजून जळकाच. वर्षालीने सांगितलेला सराव ती रोज करते, निरनिराळे वास थोडा थोडा वेळ हुंगायचे. निशिगंधाच्या जुड्या आता सहदेव तपासतो, आणि बरं तपासतो. ओट्यावर कोणी विचारलं तर शकुन सरळ सांगते, "मले वास येत नाई, तुमीच घेऊन पाहा." गिऱ्हाईक जरा थबकतं, मग फूल नाकाशी नेतं, आणि कसा वास येतो ते तिला सांगू लागतं.