उस्मानभाईंचे जेट आणि माझी चूक

एकसष्टी समितीने गौरवग्रंथात मला दोन पाने दिली आहेत. पंचक्रोशीतल्या जत्रांमध्ये बैलगाडा शर्यतीच्या माइकवर ज्यांनी मला ऐकले आहे, त्यांना ठाऊक आहे की दोन पानांत माझे नुसते नमन होते, तेही घडाभर तेल जाळून. त्यामुळे पाने वाढली तर समितीने सांभाळून घ्यावे. आदरणीय उस्मानभाई आतार यांच्याविषयी मला जे सांगायचे आहे, त्यातले निम्मे तुम्हा सर्वांना माहीत आहे. उरलेले निम्मे आजवर फक्त आम्हा दोघांना माहीत होते.

आमची ओळख झाली ती नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, आणि माझ्या फजितीनेच झाली. मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवत होतो आणि घरची एकरभर द्राक्षबागही पाहत होतो. ऐन फवारणीत पाठीवरचा पंप बंद पडला. विज्ञानाचा शिक्षक म्हणून तो मी स्वतःच खोलला आणि दुसऱ्या दिवशी सगळे सुटे भाग पिशवीत भरून आळेफाट्यावर उस्मानभाईंच्या दुकानात नेले. त्यांनी पिशवी बाकावर रिकामी केली, एकेक भाग ओळीने मांडला आणि म्हणाले, "सर, यात एक वायसर कमी हाय. शाळेत पोरांची हजेरी घेता ना? मग खोलताना यांची बी घ्यायची." वायसर आमच्या अंगणातच सापडला. तेव्हापासून मी त्या दुकानात पंप नसतानाही जाऊ लागलो.

उस्मानभाई मूळचे जुन्नरचे. वडील पत्र्याची कामे करीत. सातवीत शाळा सुटली आणि ते लेथवर उभे राहिले. ऐन तारुण्यात लेथवरचा कण उडून त्यांचा डावा डोळा गेला. उजव्या डोळ्याला जवळचे लख्ख दिसे, लांबचे धूसर. हातातल्या पिस्टनवरचा केसाएवढा ओरखडा त्यांना सापडायचा, पण समोरच्या थांब्यावर कोणती एसटी उभी आहे हे मला विचारावे लागायचे. चष्म्याचा फारसा उपयोग होत नव्हता. याबद्दल त्यांनी कधी कुरकूर केल्याचे मला आठवत नाही. "जवळचं दिसतंय तवर काम हाय," एवढेच म्हणत.

अशा माणसाला विमानांचा नाद लागावा हे नवलच. पुण्याहून कुणाकडून तरी त्यांना रेडिओवर चालणाऱ्या विमानाचा जुना ट्रान्समीटर मिळाला. त्यावर त्यांनी आधी एक पिवळे, संथ विमान केले. ते डोक्यावरच घिरट्या घालायचे, त्यामुळे त्यांना दिसायचे. पण मन भरले नाही. द्राक्षबागेत औषध मारायच्या ब्लोअरचा पंखा दुरुस्त करता करता एके दिवशी ते थांबले आणि म्हणाले, "सर, हा पंखा नळकांड्यात बसवून मागनं वारा सोडला, तर ते जेटच झालं की." मी हसलो. ते हसत नव्हते.

पुढची तीन वर्षे दुकानाच्या आतल्या भिंतीवर हवाई दलाच्या एका लढाऊ विमानाचा आराखडा खडूने काढलेला होता, मूळ विमानाच्या एक अष्टमांश मापाचा. पांगाऱ्याचे हलके लाकूड, थर्माकोल आणि वर फायबरचे कापड. इंजिन आणि पंखा दोन्ही पोटात लपवलेले, बाहेरून पाहणाऱ्याला वाटावे खरेच जेट. पंख्याची पाती त्यांनी स्वतः घासून केली आणि एका पात्यात गव्हाच्या दाण्याइतके वजन जास्त निघाले म्हणून सगळा पंखा मोडून पुन्हा केला. विमानाच्या अंगावरचे रिव्हेट दाभणाच्या टोकाने टिपले. इंधनात एरंडेल असे. आजही कुठे जळक्या एरंडेलाचा वास आला की मला ते दुकान आठवते, आणि मन भरून येते.

त्यांच्या मूल्यांविषयी लिहा असे समितीने कळवले आहे. मूल्ये हा शब्द उस्मानभाईंना आवडणार नाही, म्हणून घडले ते सांगतो. रेडिओवर चालणारी वस्तू म्हटल्यावर त्यांच्या मनात पहिली शंका आली ती जवळच्या खोडदच्या, आभाळातल्या रेडिओ लहरी टिपणाऱ्या दुर्बिणीची. "आपला खेळ व्हायचा, न् त्या लोकांचं आभाळाचं ऐकणं बिघडायचं." मी म्हणालो, इतक्या लांबून कुणाला कळणार आहे? "कळणार नाय म्हणूनच इचारायचं, सर." दुकान बंद ठेवून, ट्रान्समीटर टॉवेलात गुंडाळून ते मला खोडदला घेऊन गेले. तिथल्या एका साहेबांनी शांतपणे ऐकून घेतले, यंत्रावरचे आकडे वहीत उतरवले आणि डोंगराच्या पलीकडे उडवा, आधी कळवा, असे सांगितले. पुढे नुसता ट्रान्समीटर तपासायचा असला तरी उस्मानभाई फाट्यावरच्या बूथवरून फोन करीत. शेवटी तिकडचे लोक त्यांना आवाजावरून ओळखू लागले.

आता त्या दिवसाकडे येतो. हायस्कूलला त्या वर्षी तांत्रिक विभाग मंजूर झाला होता आणि वर्कशॉपसाठी शिक्षक हवा होता. मी उस्मानभाईंचे नाव सुचवले. सातवी शिकलेल्या माणसाचे नाव ऐकून संस्थेचे अध्यक्ष म्हणाले, "त्यांचं विमान उडताना दाखवा. उडालं तर मी त्यांच्यासाठी वर भांडेन." उस्मानभाईंना हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ हातातली पट्टी घासत राहिले. मग म्हणाले, "सातवीत फळ्यासमोरनं उठावं लागलं व्हतं, सर. एकदा फळ्याशेजारी हुबं राह्यचंय." त्यांनी स्वतःसाठी काही मागितल्याचे मी त्याआधी ऐकले नव्हते, आणि नंतरही नाही.

अडचण एकच होती. जेट वेगाने लांब जाणार, मग ते त्यांना दिसणार कसे? चालवणारे हात तर त्यांचेच हवेत, दुसऱ्या कुणाला ती विद्या येत नव्हती. म्हणून ठरले की मी सांगायचे आणि त्यांनी चालवायचे. विमानात बसलेल्या माणसाचा डावा तो डावा, उजवा तो उजवा. ज्या बाजूचा पंख खाली जाईल ती बाजू मी ओरडायची, की ते तो पंख वर उचलणार. शर्यतीत बैलगाड्यांचे सेकंद माइकवर सांगण्यात माझी हयात गेलेली. मला वाटले, यात काय आहे?

धावपट्टी म्हणून पिंपरी पेंढारकडचा शर्यतीचा घाट मिळाला. आमच्याकडे घाट म्हणजे बैलगाड्यांची चढाची सरळ धाव. बैलांच्या खुरांसाठी वेचतात तसे गावकऱ्यांनी खडे वेचले, धूळ बसावी म्हणून पाणी मारले. उस्मानभाईंनी वाऱ्याचा अंदाज घेऊन विमान घाटाच्या वरच्या टोकाला ठेवले तेव्हा मात्र एक म्हातारे बाबा आडवे आले. "घाट खालूनच चढायचा असतो, पावणं. वरनं कुणी पळवत नाय." उस्मानभाई हात जोडून म्हणाले, "बाबा, बैल माघारी उतरत्यातच ना? हा उतरणारा बैल समजा." बाबा हसले आणि बाजूला झाले.

विमान उतारावर सुटले, धावले आणि उचलले. घाटाच्या दोन्ही अंगांना उभ्या असलेल्या माणसांचा जो ओरडा झाला तसा एकाही गाड्याला मिळालेला मी ऐकला नाही. विमान लांब गेले, वळले. मी माइकवर सांगत होतो, ते बोटे हलवत होते. मग विमान आमच्याकडे तोंड करून सरळ येऊ लागले. समोरून येणाऱ्या विमानाचा डावा पंख आपल्या उजव्या हाताला असतो, हे मी वर्गात आरशाच्या धड्यात मुलांना शिकवलेला माणूस. माझ्या उजव्या हाताचा पंख खाली झुकला आणि मी ओरडलो, "उजवा खाली!" खरे तर तो डावा होता. माझ्या शब्दावर त्यांनी उजवा उचलला, डावा आणखी खाली गेला, आणि तीन वर्षांचे काम शेजारच्या कांद्याच्या वाफ्यात जाऊन आदळले.

अध्यक्ष जवळ आले. त्यांनी मला विचारले, "काय झालं हो, सर?" माझ्या हातात माइक होता, चालू होता. मी तोंड उघडायच्या आत उस्मानभाई म्हणाले, "माझी नजर चुकली, साहेब. हात उलटा गेला." अध्यक्ष सौम्यपणेच म्हणाले, "नजरेचा प्रश्न असेल तर पोरांना मशीनवर कसं उभं करायचं?" त्यांना जे सांगितले गेले त्यावरून त्यांचे म्हणणे रास्तच होते. बोलायला मला एक क्षण पुरला असता. मी बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो. उस्मानभाई गोणपाटावर तुकडे मांडत होते. मी म्हणालो, आत्ताच्या आत्ता अध्यक्षांकडे जातो आणि खरे सांगतो. त्यांनी मला बसवले. "सर, घाटात तुमी सांगाल तो सेकंद. त्यावर निकाल लागतो, भांडणं थांबत्यात. उद्या लोक म्हनले, सरांना डावं-उजवं कळत नाय, तर पुढच्या जत्रंला तुमचा शबूद कोण मानंल? डोकी फुटतील, राव. माझं काय, मला दुकान हाय." मी ऐकले. खरे सांगायचे तर मला ते ऐकायचेच होते. त्यांच्या मोठेपणाआड मी आरामात लपलो.

ती जागा एका पदविकाधारक तरुणाला मिळाली. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. वर्कशॉपमध्ये काही अडले की तेही आळेफाट्यालाच येत. उस्मानभाईंनी त्यांना कधी वाट पाहायला लावली नाही. रविवारी दुकानात जो वर्ग भरू लागला, ज्यात शिकून आज कितीतरी जण स्वतःची वर्कशॉप चालवतात, तो त्यानंतरचा. त्याला फळा कधीच नव्हता. खडू होता आणि भिंत होती. भिंतीवरचा विमानाचा आराखडा पुसून त्यांनी तिथे इंजिनाची चित्रे काढायला सुरुवात केली होती.

पुढे चार-पाच वर्षांनी, नवे शतक लागल्यावर, त्यांनी दुसरे जेट पुरे केले. मला निरोप आला: सांगायला या. मी साफ नकार दिला. त्यांनी उत्तर पाठवले, "सांगणारा तोच पायजे. न्हाईतर मी ट्रान्समीटर उचलणार नाय." मग सहा महिने आमची तालीम चालली. रोज शाळा सुटली की मी दुकानात उभा राहायचो आणि उस्मानभाई लाकडाचे छोटे विमान हातात धरून, वाकडेतिकडे करीत माझ्याकडे चालत यायचे. त्यांनीच युक्ती काढली. "इमान आपल्याकडं आलं की त्याच्याकडं पाठ करा, सर, न् खांद्यावरनं बघा. मग तुमचा डावा त्योच त्याचा डावा." दोन प्रौढ माणसांचा हा खेळ बघायला गिऱ्हाइके थांबायची. पंप राहायचा बाजूला, चहा यायचा.

त्या दुसऱ्या चाचणीला अध्यक्ष नव्हते. घाटावर जेमतेम वीस-पंचवीस माणसे होती. विमान उचलले, लांब गेले, वळले, आमच्याकडे आले. मी पाठ केली, खांद्यावरून पाहिले आणि सांगत राहिलो. डावा थोडा खाली. सरळ. उजवा. सरळ. शेजारी पाहिले तर उस्मानभाईंनी मान खाली घातली होती आणि डोळे मिटले होते. फक्त दोन बोटे हलत होती. तेव्हा मला पहिल्यांदा उमगले की या माणसाला स्वतःचे जेट आभाळात कधीच दिसणार नाही. मग मी पंखांशिवायचेही सांगू लागलो. ऊन पोटावर पडलंय. घारी बाजूला झाल्या. डोंगरावरून येतंय, ताठ येतंय. "अजून सांगा," ते म्हणत होते. "अजून सांगा, सर." माझा आवाज चिरकला, तो माइकवर सगळ्यांनी ऐकला, आणि मला त्याची लाज वाटली नाही. विमान घाटावर टेकले, धावत आमच्या पायांपर्यंत आले. तेव्हा डोळे उघडून ते म्हणाले, "आलं बघा माझ्या नजरंत."

उस्मानभाई, दाखल्यावरच्या तारखेवर तुमचा विश्वास नाही हे मला माहीत आहे. "साठ का बासष्ट, अम्मीलाच ठाऊक," असे तुम्ही म्हणता. जो काही आकडा असेल त्यावर आणखी तितकाच चढो. गुडघे साथ देवोत, उजव्या डोळ्याला जवळचे असेच लख्ख दिसत राहो, आणि रविवारची गर्दी आवरता आवरता तुम्ही म्हातारे व्हायचे विसरून जा, हीच त्या वरच्या मालकाकडे माझी मागणी आहे.

या ग्रंथाच्या प्रकाशनाला तेव्हाचे अध्यक्ष पाहुणे म्हणून येणार आहेत. सूत्रसंचालनाचा माइक माझ्याकडे आहे. हा लेख मी त्यांच्यासमोर, सगळ्या पंचक्रोशीसमोर वाचणार आहे. त्यानंतर माझा शब्द घाटात कुणी मानो वा न मानो. अध्यक्ष मला पुन्हा तोच प्रश्न विचारतील, "काय झालं हो, सर?" तुम्हाला एवढीच विनंती आहे, उस्मानभाई, या वेळी माझ्या आधी उत्तर देऊ नका.