गिऱ्हाईक हसलं की

नोकरीसाठी पुण्याला निघाले त्या दिवशी बस यायला वेळ होता, म्हणून पप्पांनी मला बॅगेसकट गॅरेजातच बसवलं. अक्कलकुव्याच्या हायवेला लागून आमचं मोटरसायकलचं गॅरेज. पप्पा आणि त्यांचे भागीदार देविदासकाका एका जुन्या गाडीवर वाकले होते.

त्यांच्या तोंडी गाड्यांना माणसांचे रोग होते. धूर सोडणारी गाडी बिडी ओढायची. दुरुस्त होऊनही कुणी न नेलेली गाडी घरजावई. त्या दिवशीच्या गाडीचं इंजिन जाम झालं होतं. मालक काळजीत उभा. पप्पा म्हणाले, "भाऊ, बाईनी अबोला धरा शे. काय बोलना तू तिले?" मालक हसला. मग पप्पांनी हलक्या आवाजात सांगितलं, इंजिन पूर्ण खोलावं लागेल. गॅरेजची रीतच होती ती. आधी हसवायचं, मग खरं सांगायचं.

मी इंग्लिश मीडियमची. घरची अहिराणी सगळी कळायची, पण बोलताना जीभ अडायची. पुण्यात ऑफिसमध्ये वाईट बातमी ईमेलने येते, पहिल्याच ओळीत. मला ते सोयीचं वाटायचं. हसावं लागत नाही.

गेल्या वर्षी देविदासकाकांचा फोन आला. "तेजू, तुन्हा पप्पानी आज संप करा. इंजिन चालू शे, पन डावं इंडिकेटर लागस नही." मी हसले. हसता हसताच थांबले. काका आता खरं सांगणार होते.

पप्पांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं होतं.

नंदुरबारच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. पाय सुधारेल, हाताची पकड येणार नाही. म्हणजे पाना नाही, क्लच नाही, गॅरेज नाही. आईला सांगवेना, काका बाहेर जाऊन उभे राहिले. पप्पांना सांगायचं माझ्यावर आलं. त्यांच्या कॉटशेजारी बसून मी काहीतरी गमतीचं शोधत राहिले.

पप्पा माझ्याकडे बघत होते. मग वाकड्या झालेल्या ओठांनी, सावकाश म्हणाले, "आते क्लच तू दाब, गिअर मी टाकसू."

मला हसू फुटलं. ते थांबेपर्यंत पप्पा थांबले.

"बेटा, हाऊ हात आते कामना नही ऱ्हायना. माले माहीत शे."

आता गॅरेज काका चालवतात. पप्पा खुर्चीत बसून त्यांच्या चुका काढतात. मी पुण्यातच आहे. घर सोडून आलेल्या तुम्हा सगळ्यांसारखी मीही रोज संध्याकाळी फोन लावते, आणि पप्पांनी विनोद करू नये म्हणून श्वास रोखून ऐकते. ते सांगतात, ऊन फार आहे, दुपारी लाइट गेली होती, आईने वांग्याचं भरीत केलं. बाकी काही नाही.

एवढं ऐकलं की मी जेवायला बसते.