पोस्टकार्डांची नदी

१२ मे १९७५, सोमवार. सकाळपासून मी अंगणात बाजांवर कुरडया घालत होते. दुपारी धाकट्या नणंदेला बघायला दौंडचे पाहुणे येणार होते, पण भिजवलेला गहू पाहुण्यांसाठी थांबत नाही, आंबतो. पातेल्याला लागलेला चीक मी खरवडून वाटीत काढून ठेवला. कागद चिकटवायला गव्हाच्या चिकासारखी खळ घोडनदीच्या बाजारातसुद्धा मिळत नसे.

खतवाल्याकडून दर वर्षी आमच्याकडे फुकट डायरी यायची. तिच्यात लिहून ठेवण्यासारखं घरात काही घडत नव्हतं. मग मी काडेपेट्यांची चित्रं, एसटीची तिकिटं, सिगारेटच्या पाकिटातली चांदी, कांद्याची सालं आणि शिवणाच्या चिंध्या तिच्यात डकवून चित्रं करायचे. सासूबाई त्याला उकिरडा म्हणत. खरा उकिरडा निदान शेताला उपयोगी पडतो, असंही म्हणत.

त्या काळी मुलगी बघायला आले की तिच्या हातचं काम पाहुण्यांपुढे मांडावं लागे. आमची नणंद मॅट्रिक झालेली, सायकल झोकात चालवायची, पण सुई हातात घेतली की तिला झोप यायची. त्याची कुणाला काळजी नव्हती. शेजारणीकडे मण्यांचा एक पोपट होता. आळीतल्या लग्न झालेल्या प्रत्येक मुलीनं तो स्वतःच्या हातानं केलेला होता. नेमका त्या दिवशी तो सणसवाडीला, तिथल्या एका मुलीनं केलेला म्हणून गेला होता.

सासूबाईंनी जरा विचार केला आणि उकिरड्याची कला झाली.

"तुझी ती डायरी काढ," त्या म्हणाल्या. "आन् पाहुण्यांफुडं तोंड उघडू नगंस."

मी काढून दिली. मुलगा दौंडला रेल्वेत होता, क्वार्टर मिळालेलं होतं, आणि मुख्य म्हणजे तो नणंदेला पसंत होता. त्याचा फोटो तिनं गादीखाली ठेवलेला मला झाडताना दिसला होता. माझ्या लग्नात ती रांगत होती. तिचं चांगलं व्हावं एवढी माझीही इच्छा होती.

पाहुणे म्हणजे मुलाची आई आणि मामा. मामांनी पोह्यांकडे लक्ष दिलं, आईनं डायरीकडे. सासूबाई सांगत होत्या, की पोरीला लहानपणापासून हाच नाद, जेवायचीही शुद्ध नसते. बाई चांदीच्या मोरापाशी थांबल्या, मान डोलावली, आणि नदीच्या पानावर आल्या.

ती आमची उन्हाळ्यातली घोडनदी होती. मावळता सूर्य मी एका लग्नपत्रिकेच्या लाल कागदाचा केला होता. खाली कोरडी वाळू होती, आणि कोरड्या वाळूचा हुबेहूब रंग एकाच कागदाला असतो, तो म्हणजे पोस्टकार्डाचा. आमच्याकडे पोस्टकार्डं यायची ती बहुतेक कुणीतरी गेल्याचीच. असं कार्ड वाचून लगेच फाडायचं, घरात ठेवायचं नाही, हा नियम मी पाळत होते. फाडलीच होती मी. तुकड्यांचं पुढे काय करू नये, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

बाईंनी चष्मा लावला. "'पहाटे देवाज्ञा झाली'," त्यांनी वाचलं. मग बोट वर सूर्याकडे नेलं. "आन् ही लग्नाची पत्रिका?"

मामांचा चमचा थांबला.

"आवं, ते सूनबाईचं हाय," सासूबाई म्हणाल्या. "पोरीचा त्याला हात बी लागला न्हाई."

म्हणजे डायरी परत माझी झाली.

"मग पोरीच्या हातचं काय?"

सासूबाई भिंतीवर पोपटासाठी ठोकलेल्या रिकाम्या खिळ्याकडे बघत राहिल्या. नणंद चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती.

"माझ्या हातचं काही नाही," ती म्हणाली. "शेजारचा पोपट असतो, तो आज दुसरीकडं गेलाय."

मी मनातल्या मनात रेल्वेचं क्वार्टर सोडून दिलं.

"मण्यांचा? लाल चोचीचा?" बाईंनी विचारलं. "तो आम्ही गेल्या म्हैन्यात तुमच्याच आळीत बघितला. त्या पोरीनं बी डोळं फोडून केला व्हता म्हणं."

त्यांनी कप उचलला, सावकाश चहा संपवला आणि निकाल दिला. असले कागद घरात ठेवायचे नाहीत. पुढच्या रविवारी दौंडला या, पण येताना मुलीनं स्वतः केलेलं काहीतरी आणा.

"वाकडं असलं तरी चालंल," त्या म्हणाल्या. "पर तिचंच पायजेल."

पाहुणे एसटीत बसले असतील-नसतील, तोच सासूबाई माझ्याकडे वळल्या. "तूच कर कायतरी. जरा वाकडं कर."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोस्टकार्डांचे तुकडे ओल्या फडक्यानं सोलून काढले आणि चुलीत घातले. सूर्य राहू दिला. नदीच्या जागी पांढरा पट्टा उरला. ते पान, कात्री आणि चिकाची वाटी नणंदेपुढे ठेवून मी म्हटलं, भर. कशानं, तिनं विचारलं. हाताला लागेल त्यानं.

पाहुण्यांनी आणलेल्या पेढ्यांच्या पुड्याचा कागद तिच्या हाताला लागला. तिनं तो कापला, चीक फासला, जीभ दाताखाली धरून लावला. नदी थेट चढावर निघाली.

"अगं, सरळ कर की ते," सासूबाई मला म्हणाल्या.

मी कुरडया उलटायला अंगणात गेले.