कानडी बटण

जगातला पहिला कॉम्प्युटर कुणी का बनवला असेना, रामनगरातला पहिला माझ्या मामांनी आणला, आणि मामांच्या मते दोन्हींत अवघड काम दुसरं होतं. बेळगावहून तो भाजीच्या ट्रकमधून, कोबीच्या पोत्यांवर मांडी घालून आला. त्याला बघायला बाजारात एवढी गर्दी झाली म्हणे, की गोव्याला जाणाऱ्या गाड्या पार लोंढ्यापर्यंत खोळंबल्या. मी काही तिथवर बघायला गेलो नाही. मामांचा छापखाना होता आणि छापणाऱ्याच्या शब्दावर शंका घ्यायची नसते.

मी बेळगावात कॉम्प्युटरचा कोर्स करून आलो होतो. म्हणजे मला मशीन चालू करता यायचं. बंद करायला शिकायची गरज पडली नाही, ते काम वीज करायची. धरण आमच्या तालुक्यात, नदी आमची, आणि वीज मात्र आमच्याकडे दूरच्या पावण्यासारखी यायची: उंबऱ्यात उभी राहून, चहाला नको म्हणत.

मजकूर लिहायच्या एडिटरात एक सोय होती. कुठल्याही बटणाला हवं ते वाक्य शिकवून ठेवायचं. मग कंट्रोल धरून ते बटण दाबलं की अख्खं वाक्य पडद्यावर हजर. लग्नपत्रिका छापणाऱ्याला याहून मोठं सुख नाही. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ मी एका बटणात कोंबलं, ‘सहकुटुंब सहपरिवार’ दुसऱ्यात. ‘चिरंजीव’ आणि ‘कैलासवासी’ यांना शेजारशेजारची बटणं दिली, कारण पत्रिकेत ही मंडळी जवळजवळच नांदतात. पण मामांचं बोट म्हणजे जाडजूड राजेळी केळं, एका दमात शेजारचं बटणही दाबणारं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी एका नवरदेवाला अक्षता पडायच्या आधीच कैलासाला धाडलं.

“मशीन अपशकुनी हाय रे ह्ये,” मामा म्हणाले.

मी कैलासवाशांना कीबोर्डाच्या पार टोकाला हलवलं आणि मामांना म्हटलं, तुम्ही फक्त उदबत्ती लावत जा.

एवढ्यात आमच्या आक्काचं लग्न ठरलं. मुलगा कुंभारवाड्याकडचा, शेतीवाडीतला, आणि आक्काला तो मनापासून आवडलेला. अडचण नवऱ्याच्या बापाची. त्यांच्या गावची रीत अशी, की पहिली पत्रिका ग्रामदेवापुढं ठेवायची आणि नवऱ्याच्या बापानं ती सगळ्या गावकऱ्यांसमोर स्वतः मोठ्यानं वाचायची. अडखळला तर देवाचा कौल नाही असं धरत आणि बोलणी मोडत. व्याही गावच्या कानडी शाळेत शिकलेले, त्यांना तेवढीच अक्षरं यायची. थोरल्या मुलाच्या वेळी मुलीकडच्यांनी नागरी अक्षरांतली पत्रिका पाठवली. हे देवळात ती हातात धरून नुसते उभे राहिले. लग्न मोडलं.

म्हणून या वेळी त्यांचा निरोप आला: पत्रिका मला वाचता आली पायजे. न्हाईतर मी पुन्ना देवाम्होरं हुबा ऱ्हाणार न्हाई.

“मग काय कठीण,” मी बोलून बसलो. “आपल्या मशीनला कानडी येतं.”

आक्का माझ्याकडं बघत म्हणाली, “तुझ्या त्या डब्यापायी माझं लगीन मोडलं, तर त्यात पाणी ओतीन. उकळतं.”

माझं बोलणं अगदीच हवेतलं नव्हतं. मशीनच्या पोटात एक खास पट्टी बसवली होती, तिच्या जोरावर देशातल्या बऱ्याच लिप्या पडद्यावर उमटायच्या. सेटिंगमध्ये शिरून मी कानडीला एक बटण नेमून दिलं. घरची मराठी पत्रिका टाईप केली, देवाचं नाव घेतलं, बटण दाबलं. डोळ्याची पापणी लवायच्या आत सगळा मजकूर गोल गोल झाला. मला कंडक्टरशी भांडण्यापुरतं कानडी बोलता येतं, पण वाचायला घेतलं तर ते माझ्यासाठी जिलब्यांचं ताट. मामांचंही तसंच.

“एवढ्या लवकर भाषांतर तर कलेक्टर कचेरीतबी हुईत न्हाई,” मामा म्हणाले आणि त्यांनी बटणाला कुंकू लावलं.

पत्रिका छापल्या. सकाळच्या बसनं मामा स्वतः गठ्ठा घेऊन कुंभारवाड्याला निघाले.

बस गेली आणि रामनगरच्या कन्नड शाळेचे मास्तर चहाला आले. उरलेली एक पत्रिका त्यांनी उचलली. वाचली. परत वाचली. मग चहाचा कप खाली ठेवून इतके हसले की छताच्या कौलांतली पाल खाली पडली.

“अरे, यात कन्नड कुठाय? हे तुमचंच मराठी की. नुसते आमचे कपडे घालून बसलंय.”

तेव्हा मला कोर्समधला तो तास आठवला, ज्याला मी सिनेमाला गेलो होतो. मशीन भाषा बदलत नव्हतं. त्याच्या पोटात ‘क’ म्हणजे एक आकडा. तो नागरीत दाखवायचा की कानडीत, एवढंच बटण ठरवायचं.

मी जीप पकडली. तिचा ड्रायव्हर घाटातली वळणं अशी घ्यायचा, की पुढच्या काचेतून मला मागच्या सीटवर बसलेला मीच दिसायचो. जोयड्याला जीप बदलली, पुढं जंगलातून पळत सुटलो, वाटेत एका गव्याला मी म्हटलं बाजूला हो, आणि तो झाला. माझा चेहराच तसा होता.

देवळात पोचलो तर उशीर झाला होता. गावकरी बसलेले, मामा खांबाला टेकून अभिमानानं फुगलेले, आणि व्याह्यांच्या हातात पत्रिका. मी मागच्या मागे उभा राहिलो, पळायला बरं.

व्याह्यांनी घसा खाकरला आणि वाचायला लागले. “आमचे येथे... श्रीकृपेकरून...” ते थांबले. पत्रिका डोळ्यांजवळ नेली. मला पाण्याचा हंडा उकळताना ऐकू यायला लागला. मग ते पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले, आणि जे सुटले ते थेट ‘सहकुटुंब सहपरिवार’पर्यंत, घरात बोलल्यासारखे, कुठंही न अडखळता. आक्काचं नाव तर दोनदा वाचलं.

एका म्हाताऱ्या गावकऱ्यानं मान हलवली. “आजवर शाळेतलं वाचीत आलो, ते समजायचं निम्मं. आन् घरचं समजायचं, ते वाचता याचं न्हाई. ह्ये दोन्ही कसं काय जमलं?”

मामांनी माझ्याकडं बघितलं. मी मामांकडं.

“त्यासाठीच तर कोर्स केला,” मी म्हटलं.

व्याह्यांनी पत्रिका देवापुढं ठेवली, नमस्कार केला आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, “मला वाटलं व्हतं, कसलं तरी भारी कानडी धाडशीला. राती झोप न्हाई लागली, पावणं. तुमच्या मशीनला आमची शाळाबी ठावं हाय आन् आमचं घरबी, म्हणायचं.”

लग्नात आक्कानं मला पहिल्या पंगतीला बसवलं. पाणी मात्र तिनं गारच वाढलं.