बास्केटखाली कोणाला उभं करायचं?

जिंतूरला मुलींना बास्केटबॉल शिकवतो म्हटलं की लोक एकच विचारतात, "सर, उंच पोरी कुठनं आणता?" सतरा वर्षं झाली, मला याचं धड उत्तर देता आलेलं नाही. उत्तराच्या जागी किस्सेच साचत गेले. दर सीझनला एकदोन पदरात पडतातच.

*

बास्केटखाली खेळणाऱ्या दोघींना आम्ही पोस्टवाल्या म्हणतो. त्या उंच हव्यात असं पुस्तकात आहे आणि मी पुस्तक मानणारा माणूस. स्टोअररूमच्या भिंतीवर मी ऑइलपेंटनं फूट-इंच आखून ठेवलेत. एका जूनमध्ये सगळ्याच पोरी दोन-दोन इंच वाढलेल्या निघाल्या! मी फॉर्म भरले, स्टाफरूममध्ये पेढेसुद्धा वाटले. आठवड्यानं आमचे शिपाई गंगाधरमामा सहज म्हणाले, "सर, सुट्टीत तिथं नवी फरशी टाकलीय, बघितली का?"

*

आमची अश्विनी मात्र खरीच उंच, फरशी वजा करून पाच फूट दहा इंच. तिची आई एकदा शाळेत आली.

"सर, फॉर्मवर पाच-चार लिहा. उद्या लग्नाच्या टायमाला कुणी हा कागद काढला तर?"

"अहो ताई, पाच-चारची पोरगी पोस्टवर कशी खेळवू?"

"खेळताना असू द्या की उंच! फकस्त लिहू नका."

*

एका वर्षी खबर आली, समोरच्या संघात सहा फुटी पोरगी आहे. आठवडाभर मी खराटा उंच धरून उभा राहिलो आणि पोरींना त्याच्यावरून शॉट मारायला लावले.

ती आली. खरंच सहा फूट! पहिला पास तिच्या छातीवर आदळला, दुसरा खांद्यावर. तिसऱ्याला तिनं बाजूला होऊन वाट दिली. हाफटाइमला त्यांच्या सरांना विचारलं, तर म्हणाले, "उंच उडीची हाय ती. आमची एक पोरगी तापानं पडली, मग हिलाच आणलं."

तरी आम्ही चौदा गुणांनी हरलो. खराट्याच्या सवयीनं आमचे सगळे शॉट बोर्डाच्या वरून जात होते!

*

रुक्मिण नववीत आमच्याकडे आली. पाच फूट एक इंच. आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जातात, त्यांच्यासोबत तीही जायची, उसाच्या मोळ्या उचलायची. बोर्डाला लागून परत आलेला बॉल, म्हणजे रिबाउंड, दहातल्या सात वेळा हिच्या हातात. अश्विनी उडी मारून खाली येईस्तोवर बॉल रुक्मिणकडे.

"ढकलतीस का गं?"

"न्हाई सर. कुठं पडतंय ते दिसतंय. तिथं आधीच पाय रोवून उभी राहते. मग कुणी हालवून दाखवावं."

मी स्वतः हलवायला गेलो. आठवडाभर गुडघ्याला क्रेप बँडेज होतं!

तरीही दुसऱ्या पोस्टवर मी पाच-सातची पोरगी खेळवत राहिलो आणि हिला बाकावर ठेवलं. ते माझं चुकलंच.

*

कारण दसऱ्याला तिचे वडील किसनराव शाळेत आले. ऊसतोडीची टोळी निघायच्या बेतात होती. मी म्हणालो, "पोरीला मावशीकडं ठेवा, तिचं वर्ष बुडेल."

"खेळायली असंल तर ठेवतो की सर. पण बाकावर बसायला कामून ठेवू? बसायचं तर तिकडं फडावर, पाचटाच्या कोपीत बसंल. धाकटी दोन लेकरं हायती, त्यांच्यापाशी कुणीतरी लागतंय."

माणूस चिडून बोलत नव्हता, त्यामुळे मला रागही धरता येईना.

"परभणीची मॅच बघतो," ते म्हणाले. "मग ठरवू."

*

परभणीला पहिल्या पाचात मी रुक्मिणला उतरवलं. किसनराव समोरच्या पायऱ्यांवर बसले होते. पोरगी जीव तोडून खेळली. अश्विनीच्या डोक्यावरून आलेले बॉलसुद्धा हिनंच गोळा केले. पण शेवटच्या क्वार्टरपर्यंत तिचे चार फाउल झाले. पाचवा झाला की पोरगी बाहेर. एरवी कुणीही कोच अशा वेळी तिला थोडं बसवून ठेवतो. माझं ते धाडस झालं नाही, बाप समोर होता ना!

सहा मिनिटं उरली असताना शिट्टी वाजली. पाचवा.

रुक्मिण आली, तिनं टॉवेल घेतला आणि बाकाशेजारी उभी राहिली.

"खाली बसा!" रेफ्री ओरडले.

ती बसली नाही. बाकावरच्या पाचही पोरी उठल्या आणि तिच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. रेफ्रींनी माझ्याकडे पाहिलं. मीही खुर्ची मागे सारून उभा राहिलो.

मॅच तीन गुणांनी गेली.

किसनराव पायऱ्या उतरून आले. पोरीकडं बघितलं, आम्हा सगळ्यांकडं बघितलं. मग त्या रिकाम्या बाकावर स्वतः बसले, चपला काढल्या आणि म्हणाले, "रुक्मे, मावशीला फोन लाव."